शिट्टी ऐका, मग सोलरचं बघू

गेल्या महिन्यात सहज लिहिलं की कारखाना असू दे, ऑफिस असू दे नाहीतर गुऱ्हाळ, वीज आणि इंधन वाचवायचं काही विचारायचं असेल तर कळवा, तर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. सगळ्यांना जागा देता येत नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं गाळलीत कारण बिलाचे आकडे चारचौघात सांगायला कुणालाच आवडत नाही. मी बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि आता लोकांच्या कारखान्यात मीटर लावून बघत फिरतो, त्यामुळं उत्तरं जरा तेलकट हातांची आहेत, सांभाळून घ्या.

साहेब, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री हाय. अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी, महिन्याला दीडशे टन मेटल वितळतं. लाईट बिल आलं की घरात कुणी माझ्याशी बोलत नाही दोन दिवस. सोलरवाला रोज येऊन बसतोय, १०० किलोवॉट टाका, बिल निम्मं होतंय म्हणतोय. टाकू का?
– फौंड्रीवाले, शिरोली

दादा, सोलरवाल्याला चहा पाजा, पण सही करायच्या आधी हे गणित त्याच्यासमोरच मांडा. आपल्याकडं १ किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे १०० किलोवॉटचे दिवसाला ४०० आणि महिन्याला १२ हजार युनिट झाले. आता तुमची भट्टी बघा, टनाला ६५० युनिट धरले तरी दीडशे टनाला ९७ हजार युनिट होतात, आणि हे नुसतं वितळायचं झालं, सँड प्लँट, शॉट ब्लास्ट, कंप्रेसर वेगळेच. मग १२ हजारात ते निम्मं कसं होणार ते त्यालाच विचारा. बरं त्यात जून ते ऑगस्ट आपल्याकडं ऊन किती दिसतं हे तुम्हाला मी काय सांगू.

आता माझा तुम्हाला प्रश्न. तुमच्याकडं टनाला किती युनिट लागतात? माहीत नसेल तर लाजू नका, दहातल्या आठ ठिकाणी हे माहीत नसतं, सगळ्यांना फक्त बिलाची शेवटची ओळ पाठ असते. खोलीतल्या तापमानाचं लोखंड वितळवून १५०० अंशापर्यंत न्यायला निसर्गनियमानं टनाला ३९० च्या आसपास युनिट लागणारच, त्याच्या खाली कुणाचा बाप आला तरी जात नाही. नीट चालवलेली भट्टी ५५० ते ६०० मध्ये काम करते. आणि मी ७००, ७५० वाल्यापण भट्ट्या बघितल्यात, भट्टी तीच, कंपनी तीच, फरक फक्त चालवण्यात.

तो फरक कुठं जातो ते सांगतो. एक तर झाकण. भट्टीचं झाकण कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं, त्यावर कामगारांचे डबे असतात, मी खोटं बोलत नाही. वितळलेल्या लोखंडाच्या तोंडातून जी उष्णता बाहेर फेकली जाते ती तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते, म्हणजे मेटल जितकं जास्त तापलंय तितकं उघडं तोंड महाग पडतं, आणि आपण बरोबर शेवटच्या दहा मिनिटांतच झाकण काढून आत बघत उभे राहतो. दुसरं म्हणजे रनर-रायझरला, म्हणजे साच्यात मेटल भरायच्या आणि नंतर तोडून काढायच्या वाटांना, चिकटलेली वाळू. ते परत भट्टीत टाकताना वाळूसकट टाकलं की ती वाळूपण तापते, तिचा स्लॅग, म्हणजे वर तरंगणारा मळ, होतो, तो काढायला परत तोंड उघडायचं, परत वेळ, परत युनिट. शॉट ब्लास्टमधून एकदा फिरवून टाका, अगदीच नाही तर आपटून तरी टाका.

तिसरं सगळ्यात महागडं आणि कुणालाच न दिसणारं, थांबणं. मेटल तयार आहे पण साचे तयार नाहीत, साचे तयार आहेत पण लॅबचा रिपोर्ट यायचाय, रिपोर्ट आला तर लॅडल (मेटल ओतायचं भांडं) गरम करायचं राहिलंय आणि लॅडल गरम झालं तर क्रेनवाला चहाला गेलाय. तोवर भट्टी होल्डिंगवर, म्हणजे नुसतं मेटल गरम ठेवत, वीज पीत बसते. त्यात मेटल गार पडेल या भीतीनं ५० अंश जास्त तापवून ठेवायची सवय, त्याचे टनाला १५-२० युनिट वेगळे. एका ठिकाणी मी काहीच केलं नाही, पॅनेलजवळ सुतळीनं एक वही बांधली आणि प्रत्येक हीटला, म्हणजे प्रत्येक वितळीला, चार्ज (माल टाकणं) किती वाजता, टॅप (मेटल ओतून घेणं) किती वाजता, मीटर किती, एवढंच लिहायला लावलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन शिफ्टचे मेल्टर एकमेकांची पानं बघायला लागले आणि आकडा आपोआप खाली आला, कारण रात्रपाळीवाल्याला दिवसपाळीपेक्षा मागं राहायचं नव्हतं. कोल्हापूरकराला ईर्ष्या लावली की निम्मं काम झालं म्हणून समजा.

समजा तुम्ही ७०० वरून ६०० वर आलात, तर दीडशे टनाला महिन्याला १५ हजार युनिट वाचले. बघा, १०० किलोवॉट सोलरपेक्षा जास्त, आणि पावसाळ्यातपण. त्यात यील्ड सुधारली तर अजून मजा. ओतलेल्या मेटलपैकी ६० टक्केच कास्टिंग म्हणून बाहेर जात असेल तर एक टन चांगल्या मालासाठी १.६७ टन वितळवावं लागतं, ते ७० टक्क्यावर नेलं तर १.४३ टनात भागतं. टनाला ६०० नं हिशोब केला तरी विकलेल्या प्रत्येक टनामागं १४० च्या पुढं युनिट वाचले. पॅटर्नवाल्याला आणि मेथडिंगवाल्याला (साच्यात मेटल कसं भरायचं ते आखणाऱ्याला) बसवून रायझर किती मोठा लागतो हे एकदा सॉफ्टवेअरवर बघून घ्या, आता कोल्हापुरात ही कामं बाहेरून करून देणारे आहेत.

सोलर वाईट आहे असं अजिबात नाही, फक्त ते तिसरं काम आहे, पहिलं नाही. पूर्वी रात्रीच्या विजेला सवलत मिळायची म्हणून बरेच जण रात्री भट्टी लावायचे, आता टीओडीचं, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणं बदलणाऱ्या विजेच्या दराचं, गणित उन्हाच्या वेळेकडं सरकलंय, त्यामुळं बिलावरचा टीओडीचा तक्ता काढून बसा, वितळ दिवसा आणता आली तर आधी ती आणा, मग सोलरला खरा अर्थ येतो. आणि १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट छप्पर लागतं, तुमचं जुनं सिमेंटचं पत्र्याचं असेल तर ते वजन पेलतंय का ते आधी बघा. फौंड्रीच्या धुळीत पॅनेल आठवड्याला पुसावं लागतं, ते कोण पुसणार हेपण आत्ताच ठरवा.

उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, ६ सीएनसी. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद असतात तरी कंप्रेसर लोड घेतोच. मेकॅनिक म्हणतो कंप्रेसर लहान पडतोय, मोठा घ्या. काय करू सर?
– मशीन शॉपवाली एक ताई, शिवाजी उद्यमनगर

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मशीन बंद असताना कंप्रेसर कुणासाठी हवा भरतोय? गळतीसाठी.

हे मी मोठ्या शहाणपणानं सांगतोय पण स्वतः तोंड भाजून घेतलंय. नोकरीत होतो तेव्हा एका कारखान्यात हवेचा प्रेशर पडतोय म्हणून मी स्वतः नोट टाकून मोठा कंप्रेसर मागवला, आला, बसवला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दोन महिन्यांत तोपण कमी पडायला लागला. मग एका रविवारी काहीतरी विसरलं म्हणून शॉपमध्ये गेलो, सगळं बंद, चिटपाखरू नाही, आणि सगळीकडनं शिट्ट्या ऐकू येत होत्या. सूं सूं सूं. चालू दिवशी मशीनच्या आवाजात कधी ऐकूच आल्या नव्हत्या. त्या दिवशी साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन फिरलो, ४० च्या वर जागा सापडल्या, निम्म्या तर होज क्लिप आणि एअर गनच्या कपलरच्या. साहेबांना हे सांगायला मला चार दिवस लागले.

आकडा सांगतो म्हणजे शिट्टीची किंमत कळेल. ७ बार प्रेशरला फक्त ३ मिलिमीटरच्या भोकातून जी हवा जाते तिच्यामागं जवळजवळ ३ किलोवॉट खर्च होतात. वर्षाला ६ हजार तास लाईन भरलेली राहत असेल तर १८ हजार युनिट, ९ रुपये दर धरला तर १ लाख ६२ हजार रुपये. एका भोकाचे. दोन रुपयाच्या वॉशरपायी.

तुमची गळती मोजायची असेल तर मीटरपण लागत नाही, मोबाईलचं स्टॉपवॉच पुरे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालू करा, लाईन भरू दे, मग तो किती वेळ लोडवर राहतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड होतो (नुसता फिरतो) ते दहा-बारा वेळा लिहा. लोडचा वेळ भागिले लोड-अनलोड मिळून एकूण वेळ, गुणिले शंभर, झाली गळतीची टक्केवारी. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिट अनलोड आलं तर ३० टक्के हवा तुम्ही उद्यमनगरच्या वातावरणाला दान करताय. दहाच्या आत आणा. ते आणल्यावरपण हवा कमी पडली तर मग मोठा घ्या, आणि तेव्हा व्हीएफडीवाला, म्हणजे गरजेप्रमाणं मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा, स्क्रू कंप्रेसर बघा, कारण साधा स्क्रू अनलोडमध्येपण बरीच वीज खात बसतो.

अजून दोन गोष्टी लगेच करण्यासारख्या. प्रेशर किती ठेवलाय? मशीनला ६ लागत असताना ८ वर सेट केलेला असतो, का, तर पूर्वीपासून आहे म्हणून. १ बार कमी केला की ६-७ टक्के वीज कमी लागते, पाव-पाव बारनं खाली आणत जा, कुठलं मशीन अलार्म देतं ते बघा, दिला की थोडं वर. आणि कंप्रेसरची खोली. बऱ्याच ठिकाणी तो जिन्याखाली, बंद खोलीत, स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसलेला असतो. आत जाणारी हवा ४ अंश जास्त गरम असली की साधारण १ टक्का वीज जास्त, बाहेरून डक्ट काढून थंड हवा द्या. आणि हो, एअर गननं अंगावरची धूळ झाडायची बंद करा, ती वीज कमी करायची गोष्ट नाही, डोळा जाईल कुणाचा तरी.

इचलकरंजीत सायझिंग आहे. बॉयलरला लाकूड आणि ब्रिकेट. जळण परवडेना झालंय. नवीन बॉयलर घेऊ का गॅसवर जाऊ?
– सायझिंगवाले, इचलकरंजी

अण्णा, दोन्ही नंतर. आधी खळ लावलेलं सूत वाळवणाऱ्या सिलिंडरमधून वाफेचं जे गरम पाणी बाहेर पडतं ते कुठं जातंय ते सांगा. गटारात जात असेल तर तुम्ही जळणाचे पैसे गटारात सोडताय, अगदी शब्दशः. फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) ६ अंशानं जास्त गरम मिळालं की जळण १ टक्का कमी लागतं हा बॉयलरवाल्यांचा जुना हिशोब आहे. बोअरचं पाणी ३० अंशाचं, हे वाफेचं परतीचं पाणी म्हणजे कंडेन्सेट ९० चं, आता तुम्हीच बघा. सगळं परत येत नाही, थोडं वाफ होऊन उडतं, तरी ७-८ टक्के कुठं गेले नाहीत. शिवाय ते आधीच सॉफ्ट केलेलं पाणी असतं, त्यामुळं सॉफ्टनरचं मीठपण वाचतं आणि ब्लो डाऊनपण (क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधून पाणी सोडून देणं) कमी होतो. सायझिंगच्या सिलिंडरचं कंडेन्सेट तसं स्वच्छ असतं, खळ मिसळत नाही ना एवढं बघायचं.

त्यानंतर स्टीम ट्रॅप, म्हणजे पाणी बाहेर सोडून वाफ आत अडवणारा व्हॉल्व्ह. अडकून उघडा राहिलेला ट्रॅप सरळ जिवंत वाफ सोडतो आणि लोक म्हणतात बघा कशी वाफ आहे, भारी. ती भारी नाही, ती तुमची ब्रिकेट आहे. आणि व्हॉल्व्ह, फ्लँज उघडे असतात, पाईपला लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) आणि व्हॉल्व्हला काही नाही, हात लावून बघा म्हणणार होतो पण नको, भाजेल.

चिमणीतून बाहेर जाणाऱ्या धुराचं तापमान मोजा, ते २२ अंशानं खाली आणलं की आणखी १ टक्का. २२०-२५० च्या पुढं दिसत असेल तर ट्यूबा काजळलेल्या असतील, ब्रश मारा. ब्रिकेट ओली असतील तर आधी त्यांच्यातलं पाणी उकळायला जळण लागणार, शेडमध्ये ठेवा. हे सगळं करून सहा महिने जळणाचं वजन रोज लिहा, मग नवीन बॉयलरचं कोटेशन मागवा. तेव्हा कदाचित लहान साईजचा बॉयलर पुरेल, तोही एक फायदाच.

मोटर जळाली की आम्ही रिवाइंड करून घेतो, नवीन आयई-३ मोटरची किंमत ऐकून परत रिवाइंडच बरी वाटते. खरंच एवढा फरक पडतो का, का नुसतं मार्केटिंग? आणि आमच्या बिलात आता केव्हीएएच लिहून येतं त्याचं काय लफडं आहे?
– मेंटेनन्स सुपरवायझर, गोकुळ शिरगाव

मार्केटिंग नाही. ७.५ किलोवॉटची म्हणजे १० एचपीची चार पोलची मोटर घ्या. आयई म्हणजे मोटरच्या एफिशियन्सीचा दर्जा, आकडा मोठा तितकी वीज कमी. जुनी आयई-१ ची एफिशियन्सी ८६ टक्के, आयई-३ ची ९०.४. ऐकायला चारच टक्के वाटतात, पण फुल लोडवर वर्षाला ६ हजार तास चालली तर अडीच हजार युनिट होतात, ९ रुपयानं साडेबावीस हजार. आता मोटरची किंमत परत बघा. आणि जुनी ८६ वाली तीनदा रिवाइंड झाली असेल, गल्लीतल्या माणसानं भट्टीत जाळून वाइंडिंग काढलं असेल, तार एक गेज बारीक भरली असेल, तर ती ८६ ची पण राहिलेली नसते.

पण सगळ्या मोटरी एकदम बदलायला जाऊ नका, मालक पळून जाईल. जी दिवसाला दोन तास चालते ती जळेपर्यंत चालू दे. जी तीन शिफ्ट चालते, कूलिंग टॉवर, डस्ट कलेक्टर, हायड्रॉलिक पॉवर पॅक, तिची यादी करा आणि ठरवून ठेवा की ही जळाली की रिवाइंड नाही, आयई-३. आयत्या वेळी ठरवायला गेलं की प्रॉडक्शन बंद असतं आणि मग रिवाइंडरचा फोनच आधी लागतो. एक स्पेअर आणून ठेवलेली बरी.

पंखे आणि पंप असतील तर व्हीएफडी बघा. स्पीड ८० टक्क्यावर आणला की पॉवर निम्म्यावर येते, स्पीडच्या घनाच्या प्रमाणात कमी होते म्हणून. डँपर आवळून किंवा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून फ्लो कमी करणं म्हणजे एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि एक ब्रेकवर. कायम फुल स्पीडच लागत असेल तर मात्र व्हीएफडी लावून काही मिळणार नाही, उलट दोन-तीन टक्के तोच खाईल, हे विकणारा सांगत नाही.

आता केव्हीएएच, म्हणजे खऱ्या युनिटला पॉवर फॅक्टरनं भागून येणारा आकडा. हाय टेन्शनवाल्यांना (जास्त दाबाची वीज घेणाऱ्यांना) एप्रिल २०२० पासून बिल त्याच्यावर येतं. पूर्वी पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते ते प्रमाण, खराब असला की दंड आणि चांगला असला की बक्षीस वेगळं दिसायचं, आता ते बिलाच्या पोटातच गेलं. १ लाख युनिट खरे वापरले आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर बिल १ लाख ११ हजारांवर लागतं. ०.९९ असेल तर १ लाख १ हजारावर. एपीएफसी पॅनेल, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं कपॅसिटरचं पॅनेल, उघडा, किती कपॅसिटर फुगलेत, किती काँटॅक्टर चिकटलेत बघा, आत उंदीर मेलेला नसला म्हणजे मिळवली. तुमच्याकडं इंडक्शन भट्टी किंवा खूप ड्राइव्ह असतील तर हार्मोनिक्समुळं (विजेच्या लहरी बिघडल्यामुळं) साधे कपॅसिटर सारखे उडतात, तिथं डीट्यून्ड रिअ‍ॅक्टरवालेच घ्या, नाहीतर दरवर्षी दिवाळीला फटाके वेगळे आणायला नकोत.

आमचं पन्हाळ्याच्या खाली वडिलोपार्जित गुऱ्हाळ आहे. हे ग्रीन टेक्नॉलॉजी वगैरे कंपन्यांचं झालं, आमच्यासारख्यांना काय आहे का त्यात? चिपाडं संपली की लाकूड विकत घ्यावं लागतंय.
– इंजिनिअरिंगला असलेला गुऱ्हाळवाल्याचा पोरगा

भावा, तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, नाव जगभर आहे, पण चुलवाण बऱ्याच ठिकाणी आजोबांच्या मापाचं. आणि गुऱ्हाळाचं जळण उसातूनच निघतं, रस गेला की राहिलेलं चिपाड, म्हणजे हिशोब नीट बसला तर बाहेरून काडी आणायला लागू नये.

लागते का, तर पहिलं कारण ओली चिपाडं. चरकातून निघालेल्या चिपाडात वजनानं निम्मं पाणीच असतं. घाईत दोनच दिवस वाळवून टाकली की आधी तेच पाणी उकळणार, मग काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस. जळव्याला (चुलवाणात जळण टाकणाऱ्याला) विचार, त्याला चिपाड हातात घेतल्यावर कळतं, पण त्याला कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे धूर. तुमच्या चिमणीचा धूर काळा आहे का पांढुरका? काळा म्हणजे जळण अर्धवट जळून वर चाललंय, हवा कमी पडतेय किंवा एकदम मोठा भारा कोंबलाय. थोडं थोडं आणि सारखं टाकायचं, खाली जाळी बसवून हवा खालून यायला वाट करायची. आणि उलटं, तोंड सताड उघडं असेल तर गार हवा आत घुसून उष्णता चिमणीनं पळवते, म्हणून तोंडाला पत्र्याचं झाकण आणि चिमणीला डँपर.

तिसरं थोडं खर्चाचं आहे. एकाच काहिलीखालून जाळ थेट चिमणीत जातो, त्या वाटेवर मागं दुसरी काहील बसवली तर त्याच धुरावर पुढचा रस कोमट नाही, चांगला गरम होऊन बसतो आणि आदणात, म्हणजे रसाची एक काहील आटवायला, लागणारा वेळ कमी होतो. काहिलीच्या बुडाला खालून फिन लावतात, त्यानंपण जाळ जास्त पकडला जातो. तू इंजिनिअरिंगला आहेस, हे प्रोजेक्ट म्हणून घे, एका आदणाला किती चिपाड वजन करून लागलं आणि किती गूळ पडला हे महिनाभर लिही. फक्त गुळव्याच्या हातातला ११८ अंशाचा अंदाज थर्मामीटरनं मोडीत काढायला जाऊ नको, थर्मामीटर लाव, पण पाण्यात टाकून गोळी बघणं त्यालाच करू दे. तो निघून गेला तर सगळी एफिशियन्सी चुलवाणात जाईल.

ताराबाई पार्कात आमचं ३० माणसांचं आयटी ऑफिस आहे. एसीवरून रोज भांडणं. ग्रीन ऑफिस करायचंय, सुरुवात कुठून?
– एचआर

रिमोट कपाटात ठेवा, २४ वर. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं केंद्र सरकारची बीईई ही वीजबचतीची संस्था सांगते, आणि १८ वर लावून अंगावर जर्किन घालून बसणारे मी डोळ्यांनी बघितलेत. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा, बाहेरच्या युनिटसमोर खोके रचू नका. सर्व्हर रूमला थंडगार फ्रिज करायची गरज नाही, २५-२६ ला सर्व्हर मजेत चालतो. आणि कोल्हापुरात नोव्हेंबर ते जानेवारी खिडकी नावाची एक जुनी टेक्नॉलॉजी आहे.

आमचा माल युरोपला जातो. कस्टमर आता कार्बनचे आकडे मागतोय, एक्सेल शीट पाठवलीय, त्यातलं काही कळत नाही. हे किती सिरिअसली घ्यायचं?
– निर्यातदार, कागल

पूर्ण सिरिअसली. युरोपियन युनियनचा सीबीएएम म्हणून कार्बनवरचा सीमाकर आहे, ऑक्टोबर २०२३ पासून नुसता रिपोर्ट द्यायचा होता आणि १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या पैशाचा टप्पा लागलाय. लोखंड-पोलाद त्यात आहे, ॲल्युमिनियम आहे, पण तुमचा माल त्यात बसतो का नाही हे कस्टमच्या कोडवर ठरतं, सगळ्याच कास्टिंगला आणि गाडीच्या पार्टला ते सरसकट लागत नाही, म्हणून आधी कोड घेऊन तुमच्या सीएचएवाल्याकडं (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाकडं) जा. कर भरायचा तिकडच्या आयातदारानं, पण तो शेवटी तुमच्याच रेटमधून कापणार हे काय सांगायला पाहिजे. कोड बसत नसला तरी मोठे कस्टमर आपापल्या हिशोबासाठी आकडे मागतातच.

एक्सेल शीट दिसायला भयानक असते पण आत दोन-चारच गोष्टी आहेत. वर्षात किती युनिट वीज, ग्रिडच्या एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. किती लिटर डिझेल, लिटरला २.७ किलो. गॅस, कोक जे असेल ते. बेरीज करा आणि किती टन माल पाठवला त्यानं भागा. वर शिरोलीच्या दादांना जी वही बांधायला सांगितली ना, तीच वही इथं कामाला येते, ज्याच्याकडं टनाला युनिट लिहिलेले आहेत त्याचं अर्धं शीट भरून झालेलं असतं. आणि अंदाजे आकडा ठोकू नका, एकदा ठोकलेला आकडा पुढच्या वर्षी तोच कस्टमर परत काढून समोर ठेवतो.

एवढं सगळं करायला पैसा कुठनं आणायचा? कायतरी सबसिडी हाय काय?
– बऱ्याच जणांनी विचारलंय

शिट्ट्या बंद करायला, झाकण लावायला आणि वही बांधायला सबसिडी लागत नाही. मोठ्या मशीनसाठी बीईईनं जुलै २०२५ मध्ये अदिती नावाची योजना आणलीय, एक हजार कोटींची, वीज वाचवणारं तंत्रज्ञान घ्यायला कर्ज काढलं तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के आणि मध्यमला ३ टक्के सवलत. १४ क्षेत्रं आहेत, त्यात फौंड्री आहे, फोर्जिंग आहे, टेक्स्टाईल आहे. जिल्ह्यांची यादी टप्प्याटप्प्यानं आहे, आपला नंबर बँकेत नाहीतर पोर्टलवर बघून घ्या. मात्र ऑडिट करून घ्या आणि ऑडिटवाला मशीन विकणारा नसावा. फुकट ऑडिट करून देतो म्हणणारा शेवटच्या पानावर स्वतःचंच कोटेशन जोडतो.

घरी आणि दुकानात प्लगला लावायचा पॉवर सेव्हर बॉक्स मिळतो, ३० टक्के बिल कमी होतं म्हणे, १२०० ला दोन. घेऊ का?
– लक्ष्मीपुरीतले दुकानदार

नका घेऊ. घरचं आणि छोट्या दुकानाचं बिल सरळ युनिटवर असतं, पॉवर फॅक्टर सुधारून तुमचे युनिट कमी होत नाहीत. एकानं मला आणून दिला होता, उघडला तर आत एक चिमुकला कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि पुढं दिसायला हिरवा एलईडी. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी प्लगमधून काढून ठेवा, तो एलईडीपण थोडी का होईना, वीज खातोच.